पापणीखालचा स्फटिक

४ फेब्रुवारी
रुजू झाले एकदाची! राहते ताईकडे, प्रयोगशाळा तिथून चालत दहा मिनिटं. काम अगदी माझ्या हाताचं. ट्रेच्या इवल्याशा खळग्यात प्रथिनाचा थेंब, वर तेलाचा थर. तेलाखाली थेंब सावकाश आटतो आणि आत स्फटिक वाढतो. तो केसाएवढ्या नायलॉनच्या फाशात अलगद उचलायचा आणि क्षणात द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. साहेब म्हणाले, इथे डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं. मी म्हटलं, बाटलीभर आणलंय! ते हसले नाहीत.

६ फेब्रुवारी
बारापैकी अकरा स्फटिक न मोडता उचलले. साहेब म्हणतात, असा हात माझ्या जागी आधी असलेल्या मागच्या बाईंचाही नव्हता. त्या का गेल्या, विचारलं. तब्येत, म्हणाले.

११ फेब्रुवारी
ट्रेवरची चिकटपट्टी हिसक्यासरशी निघाली आणि थेंब उडाला उजव्या डोळ्यात. पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धुतला. साहेब ओरडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं आणि वेळ वहीत टिपली.

१४ फेब्रुवारी
डोळ्यात कचकच. डावाही चुरचुरतोय. ताई नर्स आहे, तिने पापणी उलटून पाहिली. काही दिसलं नाही, पण उद्या डॉक्टरकडे चलच म्हणाली. साहेबांनी रजा दिली नाही. उलट मलाच मायक्रोस्कोपखाली बसवलं. किती वेळ बघत होते! मग म्हणाले, चोळू नका, अजून दोन दिवस वाढू द्या. काय वाढू द्या? त्यांनी पुन्हा वहीत वेळ टिपली.

१५ फेब्रुवारी
मागच्या बाईंना फोन लावला. आधी रडल्या. म्हणाल्या, अश्रूंवरही तेलाचा पातळ थर असतो, साहेबांना हवा तसा स्फटिक त्याच्याखालीच वाढतो. बाईंच्या डोळ्यातला साहेबांनी पूर्ण वाढू दिला. आता तो डोळा नाही.
मी राजीनामा देणार नाही. पळून तर मुळीच जाणार नाही. माझा डोळा म्हणजे काय ह्यांच्या ट्रेचा खळगा?

१६ फेब्रुवारी, सकाळ
डॉक्टरांची वेळ उद्याची. उद्यापर्यंत मी थांबेन, तो थांबणार नाही. आरशात दिसतोय – सहा कडा, लखलखीत. पापणी मिटली की कापतो. ताईला सगळं सांगितलं. ती पोलिसांना घेऊन येतेय. मी प्रयोगशाळेत आहे, आतून कडी लावलीय. पुरावा गोठवूनच देणार.

साडेदहा
आरसा. फास. हात – स्थिर. ह्या इमारतीत माझ्यासारखा हात कुणाचा नाही –

निघाला! अख्खा. नायट्रोजनमध्ये टाकला. डबीवर माझं नाव, तारीख, ‘उजवा डोळा’.
रक्त आहे. पण दिसतंय.

दार वाजतंय. साहेब. गोड आवाजात म्हणताहेत, डबी द्या, डोळ्याचं मी बघतो. ओरडून सांगितलं, डबी मिळणार नाही.

डाव्यात दोन आहेत. नाही – तीन. वाढताना दिसताहेत –

कडी हलतेय. हलू दे. फास पुन्हा धरलाय. पहिला –

उजव्यातही परत –

अक्षरं दिसत नाहीत. हात अजून स्थिर आहे. साहेब, ऐका, एकही तुम्हाला मिळणार