रंगीची नियोजित तारीख

४ ऑगस्ट २०२४, रविवार
आजपासून नवं पर्व. वरच्या वाडीच्या युवक मंडळात माझा पशुविज्ञान वर्ग सुरू झाला. दर रविवारी सकाळी दहा. मुलं अकरा, त्यात मुली चार. पहिल्याच तासाला सांगून टाकलं, पशुसंवर्धनात चौतीस वर्षं काढली आहेत. ती आवक-जावकच्या टेबलावर काढली, हे सांगायची गरज वाटली नाही. ज्ञान कुठल्या खुर्चीत बसून मिळवलं हे कोण बघतं? मंडळाचा अध्यक्ष ऋत्विक मला डॉक्टर म्हणाला. अडवलं नाही. पोरगा उत्साहात होता.

प्रात्यक्षिकासाठी वैष्णवीची शेळी निवडली. नाव रंगी. वैष्णवी अकरावीत, वडील मुंबईला. रंगी लहानपणी आईवेगळी झाली, तेव्हा हिने बाटलीने पाजून वाढवलेली. पोरीला व्हेटर्नरीला जायचंय. रंगी गाभण आहे. बोकडाकडे कधी नेली विचारलं, तर वहीत बघून म्हणाली, दहा जुलैला. ठीक. रजिस्टरमध्ये दिनांकाच्या रकान्यात आजची तारीख टाकली. नोंद ज्या दिवशी होते, तारीख त्या दिवशीची. मागची तारीख टाकणं म्हणजे गडबड. चौतीस वर्षांत एकदाही टाकलेली नाही.

शेळीचा गाभणकाळ दीडशे दिवस. त्या तारखेपासून पुढे तेवढे मोजले. १ जानेवारी! नव्या वर्षी मुलांसमोर जन्माचं प्रात्यक्षिक. पत्रकार बोलवायचा. फोटो.

११ ऑगस्ट
रंगीला आज हात लावायचा, असा संकल्प होता. विषय: ताप मोजणे. पण शेळीला थर्मामीटर कुठे लावतात हे पुस्तकात वाचल्यावर तो धडा तोंडी घेतला. थिअरी पक्की हवी.

घरी हिला वर्गाचं सांगितलं. म्हणाली, ऑफिसच्या आवारात बैल शिरला तेव्हा तुम्ही रेकॉर्ड रूमला आतून कडी लावून बसला होतात. हिला नको ते बरोबर लक्षात राहतं. रेकॉर्डची जबाबदारी माझ्यावर होती.

२२ सप्टेंबर
गणपतीत वर्ग बुडाले. आज सात जण. बाकीचे चाकरमान्यांना सोडायला गेलेत म्हणे. अजून? गणपती जाऊन आठवडा होत आला.

वैष्णवी मात्र हजर. मी खोकलो तरी लिहून घेईल अशी मुलगी. मंडळाच्या शेजारची जनीमावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या वीस-बावीस शेळ्या आहेत, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मध्येच हसली. दुर्लक्ष केलं.

२४ नोव्हेंबर
आज खटका उडाला. जनीमावशीने रंगीच्या पोटाखाली हात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, कास उतरलीहाय, पंधरा दिस काय काडायची न्हाय ही. मी शांतपणे रजिस्टर उघडून १ जानेवारी दाखवली. तर म्हणते, ती काय तुमची वही बघून इनार हाय?

तेवढ्यात वैष्णवी भीत भीत म्हणाली, सर, माझ्या वहीप्रमाणे सात डिसेंबर येतंय. तिला समजावलं की खासगी वही आणि अधिकृत रजिस्टर यांत फरक पडला तर रजिस्टर खरं. तिने लगेच सात डिसेंबर खोडून एक जानेवारी लिहिलं. वर जनीमावशीला म्हणाली, मावशी, सर शिकलेले आहेत. म्हातारी आपल्या शेळ्यांकडे निघून गेली.

अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं. पत्रकाराला फोन केला. येतो म्हणाला.

८ डिसेंबर
सकाळी १०. रंगी बेचैन. उठते, बसते, पायाने जमीन खरवडते. निदान: गॅस. योगायोगाने आजचा धडा पचनसंस्थेचाच. पोटाचे चार कप्पे फळ्यावर काढले. ऋत्विक म्हणाला, सरकारी डॉक्टरांचा नंबर आहे, लावू का? गॅससाठी रविवारी डॉक्टर? मग मी कोण? नको म्हटलं.

दुपारी १. रंगी ओरडतेय. चिकट काहीतरी जातंय. वैष्णवीने विचारलं, सर, विते आहे का ही? रजिस्टर दाखवलं. चोवीस दिवस बाकी आहेत. ती रंगीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जेवायलाही उठली नाही. बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती. मी फळा पुसला.

दुपारी ४. जनीमावशी वरच्या सड्यावर, माळरानात, शेळ्या चारून आली. रंगीकडे एकदा बघितलं, हात धुतले, खोबरेल चोपडलं. मला म्हणाली, सर, तुमी जरा बाजूला व्हा. झालो.

पहिलं करडू आडवं अडकलेलं. मेलेलं. दुसरं जिवंत. ऋत्विकने मला न विचारता फोन केला होता, त्यामुळे डॉक्टरही आले. म्हणाले, सकाळी बोलावलं असतं तर. आणि रंगीकडे वळले. दिवेलागणीला रंगी गेली.

वैष्णवी मोठ्याने रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर
मृत्यूचा अहवाल केला, तीन प्रतींत. कारण: नियोजित तारखेच्या चोवीस दिवस आधी प्रसूती. निष्कर्ष: वर्गाच्या नियोजनात त्रुटी नाही.

रजिस्टर पुन्हा पाहिलं. ४ ऑगस्ट, माझंच अक्षर. नोंद नियमाप्रमाणेच आहे. मुलीने दहा जुलै सांगितलं होतं, हेही आठवतं. पण शेरा हा रकाना रजिस्टरमध्ये नव्हता. असता तर लिहिलं असतं.

हिने अहवाल वाचला. म्हणाली, म्हणजे चूक शेळीची? आणि आत निघून गेली. मी हाताने वाढून घेतलं. आमटी गार होती.

१५ डिसेंबर
हजेरी शून्य. लग्नसराई आहे. तरी धडा पुढे नेला: नवजात करडांची निगा. पाऊण तास बोललो. खिडकीतून जनीमावशीचा गोठा दिसतो. अकराही मुलं तिथे होती. ती त्यांना रंगीच्या करडाला बाटलीने दूध कसं पाजायचं ते दाखवत होती. बाटलीचा कोन माझ्या मते चुकीचा होता, पण माझा वर्ग चालू होता.

१ जानेवारी २०२५
सकाळी पत्रकाराचा फोन. किती वाजता येऊ? सांगितलं, तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम पुढे ढकललाय. त्याने कारण विचारलं नाही.

घरी बसवेना. रिक्षा करून वाडीवर गेलो. अहवालाची एक प्रत वैष्णवीला द्यायची होती. ती खिशातून काढलीच नाही.

सगळे गोठ्यातच होते. रंगीचं करडू आता चांगलं उड्या मारतं. माझ्याकडे आलं, पँट चाटायला लागलं. भीती वाटली, पण पळालो नाही. वाकलो. मला ते खरंच उचलून घ्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या जनावराला हात लावणार होतो आणि सोबत पुस्तक नव्हतं.

वैष्णवी धावत आली. करडू माझ्या हातांखालून अलगद उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, राहू दे सर, आम्ही घेतो.

आवाजात राग नव्हता. राग असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.