आधी गार पाणी

४ जानेवारी २००९, रविवार

आज सकाळी वाशिमहून पुण्याला शुभंकरकडे आलो, आता कायमचेच. सामान थोडकंच आणलं: देव, पितळी डबे, माझं पोळपाट-लाटणं. फ्लॅट हडपसरला, सातव्या मजल्यावर. खिडकीतून शुभंकरचं ऑफिस दिसतं, सगळं काचेचं. ह्यांनी विचारलं, एवढ्या काचा पुसतं कोण? सूनबाईने, पूर्वाने, स्वतः चहा करून दिला. नात सृष्टी आता पहिलीत आहे. तिने मला लिफ्ट शिकवली आणि वर बजावलं, आजी, दार लागताना लुगडं सांभाळ. मी नऊवारी नेसत नाही, तरी हो म्हटलं. देव पूर्वेच्या भिंतीला उंच देव्हाऱ्यात मांडले.

जेवताना शुभंकरने जाहीर केलं की सव्वीस जानेवारीची सुट्टी जोडून सगळ्यांनी कोकणात जायचं. लहानसं गाव, समुद्राला लागून कॉटेज, अंगणात गरम पाण्याचा टब. त्यात बसून समुद्र बघायचा. हे म्हणाले, आपण बादली घेऊन गच्चीत बसलो तर? पोट धरून हसलो. साठीला आले, समुद्र पाहिलेला नाही. देवापुढे साखर ठेवली.

७ जानेवारी, बुधवार

पूर्वाने कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. टब म्हणजे लाकडी हौदच आहे, नारळाखाली. तिला दिवसभर मीटिंगा, म्हणून म्हणाली, आई, तिथल्या माणसाशी तुम्हीच बोला, जेवणाखाण्याचं तुम्हाला जास्त कळतं. मला बरं वाटलं.

माणसाचं नाव दत्तोबा. आवाज मऊ, अदबीचा. कांदा-लसूण नको म्हटलं, ठीक म्हणाला. सगळ्यांना एकच पाणी ठेवलं तर पैसे काही कमी कराल का, तेही विचारून घेतलं. म्हणाला, तसं नाही चालत ताई, ज्याचं पाणी त्याच्या नावानं तापवावं लागतं, टबात कोण कोणामागून उतरणार ते सांगा. मी जेवायला वाढते त्या क्रमाने सांगितलं. आधी ह्यांचं नाव, मग शुभंकर, मग पूर्वा, शेवटी मी. सृष्टी लहान, टबात उतरणार नाही, म्हणून तिचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, पाचवं मागाहून सांगा, घाई नाही.

एक मात्र खटकलं. टब कसा भरता विचारलं, तर म्हणाला, आधी विहिरीचं गार भरतो, मग त्यात कढत ओततो. आपण कढत पाणी आधी घेतो आणि गार पाण्याचं विसण घालतो. आधी गार आणि त्यात कढत, हे फक्त मयताच्या आंघोळीला करतात. तीही अंगणातच घालतात. फोनवर असलं काही बोलू नये म्हणून गप्प राहिले. तिकडची पद्धत असेल.

१० जानेवारी, शनिवार

कॅलेंडर पाहिलं. सव्वीसला सोमवती अमावास्या आहे. शुभंकरला सांगितलं, तर म्हणाला, मग एचआरला मेल करू का आई, प्रजासत्ताक दिन पुढच्या आठवड्यात घ्या म्हणून?

गीझर बिघडलाय, म्हणून ह्यांच्या आंघोळीला पातेल्यात पाणी उकळलं. विसण घालायचं राहिलं. आठवून धावत गेले, तोवर ह्यांची आंघोळ उरकली होती. पाठ, खांदे लालभडक. म्हणाले, पाणी छान होतं, जरा कोमटच होतं. दुपारी फोड आले. खालच्या डॉक्टरने मलम दिलं आणि ह्यांना म्हणाला, आजोबा, चटका बसला की ओरडायचं असतं, त्याची वेगळी फी नाही. हे हसले नाहीत. एरवी असल्या बोलण्याला ह्यांनी सोडलं नसतं. थंडीने अंग बधिर झालं असेल.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वड्यांना गुळाचा पाक केला होता. शुभंकर एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने वडी उचलायला आला आणि बोटं सरळ पातेल्यात. उकळता पाक. मी किंचाळले. तो मोबाईलवर बोलतच राहिला, आणि मग बोटं चाटली. म्हणाला, आयटीत कातडी जाड होते गं. हात पाण्याखाली धरला तर साल निघून आली.

आणखी एक. सृष्टी संध्याकाळी हॉलमध्ये पडली, ओठ फुटला, रडत होती. हे तिला ओलांडून गेले. नात म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. जाऊन बाल्कनीत बसले. तुम्हाला ऐकू नाही का आलं, मी विचारलं. म्हणाले, आलं की.

आधी हे, मग शुभंकर. मी सांगितलेल्या क्रमानेच. मनातून काढून टाकायचा प्रयत्न करते आहे. रामरक्षा म्हटली.

१६ जानेवारी, शुक्रवार

दत्तोबाला फोन करून बुकिंग रद्द करा म्हटलं. लगेच हो म्हणाला, पैसे पूर्ण परत देतो म्हणाला. मला सुटल्यासारखं झालं. मग म्हणाला, बुकिंग रद्द होईल ताई, पण पाणी कसं रद्द होणार? चार नावांचं चुलीवर चढलंय. येणार तुम्ही. आणि धाकटीचं नाव काय म्हणालात?

मी काही म्हटलेलं नव्हतं. फोन ठेवला.

शुभंकरला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल, चिडेल. नुसतं बरं म्हणाला. मग विचारलं, जायचं ना पण? बुकिंग नसलं तरी?

१९ जानेवारी, सोमवार

आज पूर्वा. इस्त्री करताना तळवा इस्त्रीखाली गेला, तिने ड्रेसची बाही सरळ केली आणि पुढे फिरवत राहिली. वासाने मी धावले. सृष्टीला काल रात्रीपासून ताप आहे. एरवी लेकीला शिंक आली तर ऑफिस सोडून येणारी ही. म्हणाली, रडू दे, दमेल आपोआप.

अंगाला चटका कळत नाही हे एक. पण त्यांच्या आतलंही काहीतरी विझत चाललंय. आता मी राहिले.

मला मरणाची भीती नाही, देवाने न्यावं. भीती आहे ती वेगळीच. माझंही असं झालं, की मला सृष्टीचं काही वाटणार नाही. दत्तोबाने विचारलं की मी नाव सांगून टाकीन. म्हणून मला काही वाटतंय तोवरच तिला या घरातून काढायचं.

पूर्वाची बहीण नम्रता खडकवासल्याकडे राहते. तिला फोन केला. खरं सांगितलं असतं तर वेडी म्हणाली असती. ताप आहे, इथे कोणाला वेळ नाही, थोडे दिवस ने, एवढंच म्हटलं. गुरुवारी न्यायला येते म्हणाली. आजच ये असं का नाही म्हटलं मी?

२० जानेवारी, मंगळवार

आरती झाली की निरांजनावर हात फिरवून डोळ्यांना लावते. आज मुद्दाम हात जास्त वेळ धरला. चटका बसला. देवाच्या पाया पडून रडले.

सृष्टीचे कपडे पिशवीत भरले. औषध, तिची बाहुली. ती विचारते, बाबा माझ्याकडे बघत का नाही? मी म्हटलं, काम असतं गं. मांडीवर झोपली. अंग तापलेलं. लागत होतं मला. नीट लागत होतं.

२१ जानेवारी, बुधवार

निरांजन — ऊब लागली. चटका नाही. ऊब.

नम्रताला फोन केला, आजच ये म्हटलं. म्हणाली, काकू, उद्या येतेच आहे ना, एका दिवसाने काय होतं?

सृष्टीला रिक्षाने स्वतःच घेऊन निघाले. लिफ्टपर्यंत गेलो. हे आणि शुभंकर लिफ्टच्या दारात उभे होते. रागावले नाहीत, काही नाही. शुभंकरने सृष्टीच्या दंडाला धरून आत नेलं. ती ओरडत होती. पूर्वाने टीव्हीचा आवाज वाढवला.

नम्रता उद्या येईल. एक रात्र. देवा, एवढी एक रात्र मला —

२२ जानेवारी, गुरुवार

निरांजनावर हात धरला. मग बोट धरलं. वास आला तेव्हा काढलं.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

दुपारी नम्रता आली. सृष्टी धावत तिच्याकडे गेली. पिशवी भरलेली होती. मी म्हटलं, आता बरी आहे, आमच्याबरोबर समुद्रावर येते आहे. नम्रता म्हणाली, काकू, तुम्हीच एवढी घाई केलीत ना? मी म्हटलं, केली होती. सृष्टी तिची ओढणी सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. नम्रता पावलापावलाला मागे बघत गेली.

बरोबर केलं की नाही, आठवायचा प्रयत्न — आधी काहीतरी वेगळं ठरवलं होतं. का ठरवलं होतं ते वरच्या पानांवर आहे. वाचलं. समजलं. पण ते कुणा दुसऱ्या बाईचं.

२३ जानेवारी, शुक्रवार

गाडी खाली आली आहे. सगळे बसले.

सृष्टी येत नाही. देव्हाऱ्याखाली शिरून बसली आहे. आजी, नको, म्हणते. सारखं तेच. कशाला नको — समुद्र तर बघायचा आहे.

दत्तोबाचा फोन. खूप वेळ वाजतो आहे. काय विचारणार ते माहीत आहे.

उचलते. त्यात काय, नावच तर —