निरोपाऐवजी आई

अनुपदादा, सलाम!

आज अमरावतीले आपल्या घरप्रार्थनेत मी यहेज्केल संदेष्ट्याचं वाचून राहिली होती. देव मंदिरातच बसून नाही राह्यला. कैद करून दूर बाबेलात नेलेल्या आपल्या लोकायजवळ सोता राह्यला गेला.

आई मधातच उठली. "मंग आपण सहा वर्षं अनुपले 'माफी माग, मंग घरी ये' असंच काहून लिहून राहिलो?"

दादा, तुह्या लग्नापासून ज्योत्स्नावहिनीचं नावही न घेणारी आई आता तिच्यासाठीच लोणच्याची बरणी बांधून राहिली! तुह्या गावाची दहाची बस हाय.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, सोबतच घेऊन येऊन राहिली. जठारपेठेतलं तुहं दार आज आईच वाजवणार हाय.

चप्पल घालता घालता,
तुही पौर्णिमा