चांदी न चढलेली पिल्लं

९ मे

मत्स्यबीज केंद्राच्या नोंदवहीत आज मी खोटं लिहिलं, म्हणून ही वही काढली. खरं कुठेतरी असायला हवं.

सॅमनची वीस पिल्लं काल चाचणीसाठी समुद्राच्या पाण्यात ठेवली होती. आज आठ मेलेली. लिहिलं — शून्य. मेलेली चुलीत टाकली. केंद्रात आम्ही दोघीच, मी आणि माझी मदतनीस सुन्निवा; आणि ती रजेवर होती.

गेल्या वर्षी पिल्लं सोडायच्या वेळी मी "थांबा" म्हटलं होतं. थांबता थांबता पिल्लांच्या अंगावरची चांदी, म्हणजे समुद्रासाठी तयार झाल्याची खूण, उतरली, समुद्राची ओढ गेली, टाक्यांतच रोगाने संपली. नदी-मंडळाचा अध्यक्ष टोरलाइफ अजून भर सभेत म्हणतो, "बाईंच्या अभ्यासात मासे म्हातारे झाले." आमच्या नदीच्या जातीची आता एवढीच पिल्लं उरलीत. सतरा मेला, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीनंतर, शाळेची मुलं ती बादल्यांनी नदीत सोडणार. आठ दिवस आहेत. होतील तयार.

१३ मे

चांदी चढलेल्यांची भांडणं थांबली. थवा करून फिरतात. तिसरा हिस्सा अजून तपकिरी — आपापला दगड धरून, शेजाऱ्याला चावत.

सुन्निवा म्हणाली, "गुन्वर, तपकिरी वेगळी काढू या. दोन दिवसांचं काम आहे."

"गरज नाही. कल्ले तयार नसलेला मासा समुद्राकडे जात नाही. नदीतच थांबेल. बर्गनला शिकलेय मी."

"चाळीस वर्षांपूर्वी."



१५ मे

पाणी सात अंश. तपकिरी ती तपकिरीच.

१७ मे

मुलांनी बादल्या ओतल्या. बँड वाजत होता. चंदेरी थवा लगेच खाली निघाला. तपकिरी पिल्लं एकेका दगडामागे थांबली — मला हायसं वाटलं. मग थवा जवळून गेला आणि एकेक करून त्यांनी दगड सोडले. थव्यामागे गेली. सोबतीसाठी! शरीर तयार नसताना.

टोरलाइफ म्हणाला, "बघा, कशी शहाण्यासारखी निघाली सगळी."

२० मे

नदी जिथे समुद्राच्या खाडीला मिळते त्या फ्योर्डच्या काठाला, शेवाळात, मेलेली तपकिरी पिल्लं. सुन्निवाने चारशेपर्यंत मोजली.

"चाचणीत एकही मेलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हटलं.

२३ मे

सभा. टोरलाइफ म्हणाला, "चाचणी स्वच्छ होती. म्हणजे घोळ बादल्या भरताना झाला. कुणी भरल्या?"

सगळे सुन्निवाकडे बघायला लागले. ती माझ्याकडे. मी कॉफी ओतून घेतली.

जूनपासून तिने कामावर येऊ नये, असं ठरलं.

२४ मे

झोप नाही.

२५ मे

टोरलाइफला दिलं: नोंदवही — ९ मेचं शून्य खोडून वर आठ, सहीसकट. माझा राजीनामा.

सुन्निवाला दिलं: केंद्राच्या चाव्या, दोन्ही. ही वही, एवढं लिहून झालं की. आणि मागच्या शेडमधली जुनी टाकी, जी मी आज सकाळी पहिल्यांदा उघडली. आत तपकिरी पिल्लं. माझं न ऐकता तिने वेळेत वेगळी काढलेली. दोनशे अकरा, सगळी जिवंत. काहींच्या पोटाखाली चांदी दिसू लागली आहे.