जॉर्जेटशिवाय काढलेला फोटो

आप्पा, स्थळांना पाठवण्यासाठी तुम्ही काढलेला माझा कृष्णधवल फोटो आज तुमच्या नातीने मोबाइलवर मऊ केला. मूळ चित्रावर त्याचीच एक धूसर प्रत ठेवली, ती थोडी फिकी केली, आणि चेहऱ्यावर उजेडाची साय धरली. “आत्या, बघ ना, कसली हिरोइन दिसतेस!” ती म्हणाली. परिणाम वाईट नव्हता. मात्र डोळेही गालांइतकेच पुसट झाले होते. तुम्ही असे होऊ दिले नसते.

डिंडोलीच्या आपल्या स्टुडिओत लग्नाच्या मुली यायच्या, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या भिंगावर काळ्या जॉर्जेटचा तुकडा ताणून बसवायचात. त्याच्या मध्यभागी उदबत्तीने पाडलेले भोक असायचे: डोळे स्पष्ट राहावेत, गालांवरचा उजेड तेवढा हलकेच सांडावा. एकदा तुम्ही तोच तुकडा छपाईच्या वेळी एन्लार्जरच्या भिंगाखाली धरून पाहिलात. तिथे उजेड निगेटिव्हमधून येतो, म्हणून नियम उलटतो. उजेडाऐवजी काळोख पसरतो. चेहऱ्यावर चुलीची काजळी धरल्यासारखी ती प्रिंट पाहून आई म्हणाली, “नवरीले चुल्हाजोडे बसाडं का हो?” तुम्हाला हसताना ठसका लागला होता.

मी तेव्हा तर्कशास्त्र शिकत होते आणि घरातही प्रतिपक्ष शोधत असे. ज्यावरून निर्णय घ्यायचा तो फोटो म्हणजे पुरावा, आणि पुराव्यात फेरफार म्हणजे खोटी साक्ष, असे मी तुम्हाला ऐकवले. आवडीच्या माणसाकडे पाहताना ते असेच दिसते, एवढेच तुम्ही म्हणालात. तो युक्तिवाद नव्हे, असे मी बजावले. मग माझी पाळी आली. लहानपणी उकळते दूध सांडून भाजल्याचा डाग माझ्या गालावर आहे, आणि आईला त्याचीच धास्ती.

“पोरना गालवर डाग शे. कपडा लावा.”

“ती म्हनस, हाई खोटी साक्ष शे. आते तिलेच इचार.”

तिने विचारले. मी म्हणाले, नको.

फोटो उत्तम आला. डागाची कडसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. काही नकार आले, मग तोच फोटो पाहून एक होकार आला, आणि संसार चांगला झाला. म्हणजे माझे प्रतिपादन टिकले. तरीही, तुम्ही हयात असता तरी हे पत्र मी पोस्टात टाकले नसते. नको म्हणून मी स्टुलावर ताठ बसले तेव्हा, माझे न ऐकता, आवडीच्या माणसासाठी म्हणून तुम्ही तो कपडा लावाल, अशी माझी खात्री होती.