खुर्चीच्या काठावर

प्रिय बा,

आज माझ्या याडीचा, तुझ्या बायकोचा, गुडघा दाखवायला राळेगावला गेले होते. तोच दवाखाना, जिथून गेल्या वर्षी तुला चादरीत घालून घरी आणलं. तिथून आल्यापासून तुझ्यावर इतकी चिडले आहे की लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

तू आपल्या तांड्याचा नाईक. बाजेवर पायावर पाय टाकून बसायचास, आणि नुसतं 'हं' म्हणालास की भांडणारे दोघंही गप्प. माझं लग्नसुद्धा त्या एका 'हं'मध्ये ठरलं.

मग त्या दिवशी काय झालं होतं तुला? दारातच चपला काढल्यास. फेटा काढून काखेत धरलास. खुर्ची दिली तर काठावर टेकलास, आणि तुझ्या निम्म्या वयाचा डॉक्टर दिसताच छाती दाबत उभा राहिलास. "जरासं दुखून राह्यलं, साहेब. पहा तुमी सवडीनं."

जरासं? पहाटेपासून घामानं निथळत होतास, बा!

तुझ्यामागून आलेल्या एकानं टेबलावर हात आपटला. त्याचा आजारी माणूस आधी आत गेला. मी उठले, तर तू माझ्याकडे वळलास आणि तांड्यातल्या आवाजात म्हणालास, "बस गुपचाप. साहेबाले कामं अस्तेत." म्हणजे तो आवाज होता तुझ्याजवळ. तो माझ्यावर काढलास. मी बसले. साहेबाला सवड झाली तोवर तू संपला होतास.

आज शिपाई याडीला म्हणाला, "बाहेर उभी राय." मी ओरडले नाही. पाठ ताठ केली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तुझ्यासारखं सावकाश म्हटलं, "खुर्ची आणा."

त्यानं आणली. थोड्या वेळात डॉक्टरही आले. एवढंच करायचं होतं रे!

परतताना एसटीत याडी म्हणाली, "तुह्या बाचा आवाज हाय तुह्याजवळ." मग दुखरा गुडघा चोळत म्हणाली, "पण त्यानं तो आपल्यावरच चालवला."

तुला वचन देते. हा आवाज मी घरात चढवणार नाही, ना याडीवर, ना माझ्या पोरीवर. तो दवाखान्यात नेईन, कचेरीत नेईन, आणि चपला घालूनच आत जाईन.

त्या दिवशी तुझं ऐकलेली
तुझी सविता