पावणेपाचशे ग्रॅमचा वारसा

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, निवृत्त नकाशाकार, राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कान बरे आहेत, डोळे चष्म्यासकट उत्तम आहेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. थोरली बहीण खिडकीशी बसून दर दोन मिनिटांनी "काय लिहितेस गं एवढं?" असं विचारते आहे, त्याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायची घाईही नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अडीच माणसं उभी राहतील एवढा सज्जा, हे माझ्या पश्चात ताई हयात असेपर्यंत तिचं आणि तिच्यानंतर तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं. ताईचे यजमान गेल्यापासून, बावीस वर्षं, ताई माझ्याकडे राहते. "माझ्याकडे" हा शब्द तिच्यासमोर उच्चारू नये. तिच्या मते मी तिच्याकडे राहते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाचीला. ती दातांची डॉक्टर आहे, तिला गरज नाही, पण मला दुसरी भाची नाही. माझे डोंगरात घालायचे बूट खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना द्यावेत अशी फार इच्छा होती, कारण वीस वर्षं ते बूट रविवारी पहाटे त्यांच्या डोक्यावर वाजले आणि वीस वर्षं त्यांनी तक्रार केली. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असा नियम आहे. त्यामुळे ते सुटले. बूटही भाचीलाच.

कलम ३. भिंतीवरची चौदा छायाचित्रं. ती मी काढली, पण पाहिली ताईने. घुबड, खंड्या, दगडावर ऊन खात पडलेला सरडा, सगळं आधी तिला दिसलं. "डावीकडे, वाळक्या फांदीच्या मागे. हलू नकोस," एवढंच ती कुजबुजायची, आणि मी कॅमेरा तिकडे वळवायची. ती दाखवणार, मी टिपणार, अशी आमची वाटणी. चौदाही छायाचित्रांच्या मागे आता मी दोघींच्या सह्यांची जागा आखली आहे. हे काम आधीच करायला हवं होतं. चित्रं टांगताना क्षितिज आडवं, अगदी पाणसळ लावून आडवं असावं. आयुष्यभर सरळ रेषा काढून पोट भरलेली बाई आहे मी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही जाईल अशी खात्री देता येत नाही.

कलम ४. मोठा कॅमेरा, लांब पल्ल्याच्या लेन्ससकट, भाचीला. वजन दोन किलो तीनशे. दाढा उपटून तिची मनगटं तयार आहेत.

हा कॅमेरा घरात कसा आला, ते इथे नोंदवणं भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तो पुरुषांचा आहे. तुम्हाला नाही झेपायचा. हा घ्या ना, छोटा, गोड आहे." मी त्याच्या नाकावर टिच्चून दुकानातला सगळ्यात जड कॅमेरा विकत घेतला. मला तो नको होता. परत येताना जिन्यात दोनदा टेकले. ताई वरून ओरडली, "धोंडा आणलास की काय?"

एकोणीस वर्षं तो मी उजव्या खांद्यावर वाहिला. आज माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. हे फक्त ताईला माहीत आहे, कारण माझ्या झग्यांना ती उजवीकडे आतून घडी घालून देते. दुकानदार वजनाबाबत बरोबर होता, हे मी या कागदात पहिल्यांदा आणि शेवटचं कबूल करते. त्याला हे कलम वाचून दाखवू नये.

कलम ५. माझा स्वतःचा फोटो. कॅमेरा कायम माझ्याच हातात, त्यामुळे घरात माझा एकच फोटो आहे, कार्यालयाच्या ओळखपत्रावरचा. त्यात मी पाकीट मारताना सापडलेल्या बाईसारखी दिसते. तो भिंतीवर लावू नये. नुसती रिकामी चौकट लावली तरी माझी हरकत नाही.

कलम ६. दुसरा कॅमेरा.

गेल्या वर्षी तळ्याच्या ओल्या पायऱ्यांवर ताईचा पाय घसरला आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं. ताई नाही जुळली. तेव्हापासून ती खिडकीशी बसते. "तू जा. मी आता लोढणं," म्हणते. मी सहा रविवार एकटी गेले आणि सहा रविवार नुसती झाडं काढून आणली. झाडं हलत नाहीत, म्हणून ती तेवढी मला दिसतात. घरी येऊन ती ताईला दाखवली, तर तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "छान आहेत हो." मला त्या "हो"चं फार वाईट वाटलं. ताई खोटं बोलायला लागली म्हणजे ती खरंच म्हातारी होते आहे.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हातात अर्ध्या किलोच्या वर काही धरायचं नाही. मी त्या दिवसापासून अर्ध्या किलोच्या आतला कॅमेरा शोधू लागले. ताईला सांगितलं, माझ्यासाठी आहे, जोडीला दुसरा, मोठ्याची बॅटरी संपली तर असावा म्हणून.

शहरात कॅमेरा हातात घेऊन बघू देणारं दुकान एकच, तेच चौकातलं. मी कापडी पिशवीत स्वयंपाकघरातला काटा घेऊन गेले. दुकानदार आता पिकला आहे, पण जीभ तशीच. "काय बाई, आता तरी हलका घेताय ना?" मी म्हटलं, "हा दुसरा. पहिला आहेच." आणि काटा त्याच्या काचेवर ठेवला.

कॅमेरा घेणाऱ्या पुढच्या माणसाच्या उपयोगाचं म्हणून लिहून ठेवते. माहितीपत्रकात छापलेलं वजन म्हणजे लग्नाच्या स्थळाचं वय. त्यात बॅटरी नसते, पट्टा नसतो, आणि लेन्स तर नसतेच. त्याने दाखवलेला पहिला कॅमेरा छापील तीनशे नव्वद, काट्यावर सहाशे दहा. दुसरा हलका होता, पण त्याला डोळा लावायची खिडकीच नव्हती, नुसता मागचा पडदा. भर उन्हात त्या पडद्यात स्वतःचं नाक तेवढं दिसतं. तिसऱ्याला खिडकी होती, पण चष्मा लावून बघितलं की चारही कोपरे गायब. चौथा सगळ्यात चांगला, पण लेन्स लावताच नाक खाली टाकायचा, म्हणजे सगळा भार मनगटावर. पाचव्याची बटणं मुंगीला दाबता येतील एवढी.

दुकानदाराला घाम फुटला. "बाई, तुम्ही कॅमेरा घेताय की सून बघताय?"

सहावा घेतला. लेन्स, बॅटरी, कार्ड, पट्टा, सगळं धरून चारशे पंचाहत्तर ग्रॅम. हातात समतोल बसतो, पावसाच्या शिंतोड्यांनी बिघडत नाही, चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात. मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी यात बसत नाही, म्हणजे मी ताईला सांगितलेल्या कारणासाठी तो काडीचा उपयोगाचा नाही. मी तो डब्यातून काढून मटाराच्या परातीशेजारी ताईपुढे ठेवला. "तुझा," म्हटलं. ती म्हणाली, "उचलून ठेव. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणी शिकतं का? उद्या तोही पडेल माझ्या हातून." त्याला आठ महिने झाले. तो कपाटात आहे.

तेव्हा तो मृत्युपत्रात ठेवावा असं ठरवलं. त्यावर वकीलबाई म्हणाल्या, "पण त्या तुमच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. तुमच्या आधी गेल्या तर ही देणगी रद्द." मी रात्रभर विचार केला असं नाही; जिना उतरता उतरता सुचलं. ते असं:

सदर दुसरा कॅमेरा माझ्या ज्येष्ठ भगिनीस द्यावा, मात्र या मृत्युपत्रावर सह्या होण्यापूर्वी तिने त्यातून घराबाहेर निदान एक छायाचित्र स्वतः काढलेलं असावं. तसं न झाल्यास, सदर कॅमेरा पट्ट्यासकट, विनामूल्य, चौकातल्या दुकानदारास मिळावा.

सह्या उद्या, दिनांक चौदा, सकाळी दहा वाजता.

पुरवणी. चौदा तारखेला सह्या झाल्या नाहीत. कारण खालीलप्रमाणे.

तेराच्या दुपारी कलम सहा मी ताईला वाचून दाखवलं. तिचा मटार सोलणारा हात थांबला.

"शेवटचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"कुणाला?"

"दुकानदाराला."

"त्या मेल्याला? आपल्या घरातला कॅमेरा? आणि फुकट?"

"पट्ट्यासकट."

"तो आख्ख्या चौकाला सांगेल, बघा, म्हणालो नव्हतो, बायकांना झेपत नाही म्हणून!"

"सांगेल. त्याचा स्वभावच आहे."

"बुद्धी शाबूत म्हणून वर खोटं लिहिलंयस तू. वेड लागलंय तुला."

"ते साक्षीदार ठरवतील. उद्या दहाला येतायत."

ताईने आणखी चार शेंगा सोलल्या. दाणे परातीऐवजी सालपटांत टाकले. मग हात पदराला पुसला. "आण इकडे. वजन किती आहे ते तरी बघू."

चौदाला सकाळी दहा वाजता घड्याळजी आणि हाडांचे डॉक्टर आमच्या बंद दारासमोर उभे होते, त्याबद्दल दोघांचीही माफी मागते. आम्ही तेव्हा तळ्यावर होतो. पायऱ्या ताई माझा हात धरून उतरली, एकेक पायरीला शिव्या घालत. काठावर मी मोठा कॅमेरा खांद्याला लावून नेहमीसारखी पक्षी शोधत उभी राहिले, आणि नेहमीसारखं मला काही दिसेना. तेवढ्यात मागून कुजबूज आली, "हलू नकोस."

मी हलले नाही. कुठे, डावीकडे की उजवीकडे, याची वाट पाहत होते.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"माझ्यासमोरच आहे. मोठं धूड. आता इकडे बघ."

मी वळले, मला हसू फुटलं, आणि पावणेपाचशे ग्रॅमचा कॅमेरा वाजला.

त्यानंतर तिने एकशे बारा फोटो काढले. आज सकाळी पाचला मला हलवून उठवलं, आणि माझे बूट घड्याळजींच्या डोक्यावर वाजतील असे स्वतः जमिनीवर आपटले. मला इतका आनंद झाला, की मी तशीच थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिले.

सबब, कलम सहा रद्द. कॅमेरा ताईला माझ्या हयातीत दिला. दुकानदाराला काहीही नाही.

कलम पाचही बदलते. ताईने काढलेला तो पहिला फोटो या कागदाला जोडला आहे. माझ्या पश्चात भिंतीवर तोच लावावा, आणि छायाचित्रांच्या मोजणीत त्याला पंधरावा धरावा. त्यात तळं तिरकं आलं आहे, चांगलं बोटभर. समोरचा काठ तिरका, बाकडं तिरकं, झाडंही कललेली. फक्त माझे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. मुद्दाम केलंस का, म्हणून ताईला विचारलं, तर म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं!"

हा फोटो टांगताना पाणसळ लावू नये. तळं सरळ करू नये.

वर लिहिलेलं सर्व मी वाचलं, ताईने माझ्या खांद्यावरून वाचलं, आणि ते खरं आहे.

मृत्युपत्र करणार: (सही)

आमच्यासमोर सही केली, तेव्हा त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि हसत होत्या:
१. घड्याळजी, दुसरा मजला (सही). बुटांबद्दलची माझी तक्रार कायम आहे.
२. हाडांचे डॉक्टर (सही). मनगट तपासलं. उत्तम आहे.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल, काट्याशेजारी.
दिनांक: चौदा, खोडून पंधरा.